गेलेल्या खेळाडूची साक्ष



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते त्यांची सारी हयात न्यायखात्याच्या सेवेत गेली, आणि घटनेनंतर उघडकीस आलेल्या गोष्टी घटनेच्या दिवशीच आरोपीस ठाऊक होत्या असे निकालपत्रात कधीही गृहीत धरावयाचे नाही, हा दंडक त्यांनी कटाक्षाने पाळला, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगतात. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय सातासमुद्रापलीकडील एका खेळाचा असला, तरी या व्यासपीठास तो अगदीच परका आहे असे मला वाटत नाही. अमेरिकेतील बेसबॉलचे संघ आपले खेळाडू एकमेकांस देतात आणि घेतात. त्या देवघेवींचा मागाहून जो निवाडा होतो तो बहुधा एकाच साक्षीदाराच्या जबानीवर होतो, आणि तो साक्षीदार म्हणजे संघ सोडून गेलेला खेळाडू. त्या जबानीचे मोल किती, ती कोठवर ग्राह्य धरावी, आणि कोणत्या प्रसंगी तिच्यावर विसंबून एखाद्या कारभाऱ्यास दोषी ठरविता येते, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी आज करणार आहे.

बेसबॉलशी आपला परिचय बेताचाच असल्यामुळे आरंभी थोडे सांगणे इष्ट होईल. या खेळात आपल्या गोलंदाजाच्या जागी पिचर असतो, आणि संघाचे भवितव्य पुष्कळ अंशी त्याच्या खांद्याच्या व कोपराच्या आरोग्यावर अवलंबून राहते; फलंदाजाने चेंडू सीमेपार धाडला की होम रन होतो; आणि तळावर पोहोचलेला खेळाडू पिचरची नजर चुकवून पुढील तळ गाठतो तेव्हा त्याने तळ चोरला असे म्हणतात. मोठे संघ दोन लीगांत विभागलेले असून त्या दोहोंच्या विजेत्यांत शरदऋतूत होणाऱ्या अंतिम मालिकेस वर्ल्ड सीरीज हे नाव आहे. आपल्याकडे इंडियन प्रीमियर लीग २००८ साली सुरू झाल्यापासून खेळाडूंचे लिलाव आणि अदलाबदली आपल्या कानांवर पडू लागल्या. अमेरिकेत मात्र ही वहिवाट शंभर वर्षांहून जुनी आहे. तेथे खेळाडूच्या करारनाम्यात राखीव कलम म्हणून एक कलम असे, आणि त्याच्या बळावर संघास खेळाडूच्या सेवेवर जवळजवळ तहहयात हक्क मिळे. तो हक्क एक मालक दुसऱ्या मालकाच्या नावे करून देई, आणि ज्याच्याविषयी हा सारा व्यवहार होई त्याला सकाळी उठून आपले बिऱ्हाड दुसऱ्या शहरी हलवावे लागे.

आपल्याकडे ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ अशी म्हण आहे, आणि गेलेल्याची थोरवी वाढवून सांगण्याचा मनुष्यस्वभाव तिच्यात नेमका टिपला आहे. बेसबॉलमध्ये तर त्या थोरवीस नुसत्या स्मरणाचा आधार नसतो. गेलेला खेळाडू दुसऱ्या गावी रोज खेळत असतो, त्याच्या प्रत्येक फटक्याची आणि प्रत्येक चेंडूची नोंद होते, आणि ज्यांनी त्याला जाऊ दिले त्यांच्या दारी ती नोंद वर्षानुवर्षे फिर्यादीसारखी येऊन उभी राहते. अंकांस एक प्रकारची निःपक्षपाताची प्रतिष्ठा असते. त्यामुळे अशा फिर्यादीपुढे बचावाचा शब्द काढणे म्हणजे पराभव झाकण्याचा खटाटोप होय, असा लोकांचा ग्रह होतो. या ग्रहामुळे जो अन्याय झाला आहे, आणि होत आहे, तो मला मनापासून खटकतो.

या खटल्यांत सर्वांत प्रसिद्ध खटला १९६४ सालचा आहे. त्या काळी हंगामातील देवघेवीची मुदत १५ जून रोजी संपत असे, आणि नेमक्या त्याच दिवशी शिकागो कब्स या संघाने पंचविशीच्या उंबरठ्यावरचा लू ब्रॉक हा खेळाडू, आणखी दोघांसह, सेंट लुईस कार्डिनल्स या संघास दिला, व त्याच्या बदल्यात मुख्यतः एर्नी ब्रोलिओ हा पिचर घेतला. ब्रोलिओने १९६० साली २१ आणि १९६३ साली १८ सामने जिंकले होते. ब्रॉकची फलंदाजीची सरासरी त्या हंगामात अवघी .२५१ होती. त्या दिवसाच्या दप्तरावरून पाहता सौदा शिकागोच्या फायद्याचा दिसत होता, आणि सेंट लुईसच्या काही खेळाडूंना तर आपल्या कारभाऱ्याची बुद्धी फिरली की काय अशी शंका आली. पुढे जे घडले ते असे : ब्रॉकने उरलेल्या हंगामात .३४८ च्या सरासरीने फलंदाजी केली, सेंट लुईसने त्याच वर्षी वर्ल्ड सीरीज जिंकली, आणि निवृत्त होईपर्यंत ब्रॉकच्या नावावर ३,०२३ यशस्वी फटके व चोरलेले ९३८ तळ जमा झाले. ब्रोलिओने शिकागोसाठी तीन हंगामांत मिळून ७ सामने जिंकले आणि १९ गमावले. तेव्हापासून ब्रॉक-ब्रोलिओ हे जोडनाव अमेरिकेत फसलेल्या सौद्याचा दाखला म्हणून सांगितले जाते.

आता या निकालाची छाननी करू. शिकागोच्या कारभाऱ्यांवर दोषारोप करणारे लोक ९३८ या आकड्याकडे बोट दाखवितात. परंतु १५ जून १९६४ रोजी हा आकडा कोणत्या वहीत लिहिलेला होता? त्या हंगामात शिकागोकडून ५२ सामन्यांत ब्रॉकने १० तळ चोरले होते. सेंट लुईसला गेल्यावर उरलेल्या सामन्यांत त्याने ३३ चोरले, कारण तेथे जॉनी कीन या मार्गदर्शकाने त्याला मनसोक्त धावण्याची मोकळीक दिली. म्हणजे जो ब्रॉक पुढे कीर्तिवंत झाला तो शिकागोने दिलेला ब्रॉक जसाच्या तसा नव्हता. त्याच्या घडणीत घेणाऱ्याचाही वाटा होता. दुसरीकडे ब्रोलिओच्या कोपरास आधीपासून पीडा होती, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. शिकागोवर रास्तपणे काही आरोप ठेवता येत असेल तर तो हाच, की लाखमोलाचा पिचर पदरात घेताना त्याच्या कोपराची तपासणी त्यांनी नीट करून घेतली काय? हा प्रश्न त्या दिवशी विचारता येण्यासारखा होता आणि त्याचे उत्तरही त्या दिवशी मिळण्यासारखे होते. म्हणून या खटल्यात महत्त्वाची साक्ष आलेल्या मनुष्याच्या कोपराची आहे, आणि लोकांनी साठ वर्षे पुकारा केला तो गेलेल्या मनुष्याच्या पायांचा.

याच सौद्याची दुसरी बाजू त्याहून उद्बोधक आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. ब्रॉकला आणणारे सेंट लुईसचे जनरल मॅनेजर बिंग डिव्हाइन यांना मालकाने ऑगस्ट १९६४ मध्ये, म्हणजे सौद्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, बडतर्फ केले, कारण संघ त्या वेळी अग्रस्थानापासून नऊ सामने मागे होता. पुढे फिलाडेल्फियाचा संघ हंगामाच्या शेवटी लागोपाठ दहा सामने हरला, सेंट लुईसने अखेरच्या दिवशी लीगचे अजिंक्यपद मिळविले, आणि न्यूयॉर्क यांकीजसारख्या बलाढ्य संघास नमविले. ज्या मनुष्याच्या निर्णयामुळे हे साधले तो त्या वेळी पदावर नव्हता. निकालावरून निर्णयाची पारख करणाऱ्या मालकास निकाल लागेपर्यंत थांबण्याचाही धीर नव्हता; आणि फिलाडेल्फियाने त्या दहांतील दोन सामने जिंकले असते, तर डिव्हाइन यांची बडतर्फी आज शहाणपणाची म्हणून नोंदली गेली असती.

फलावरून कृतीची योग्यता ठरविण्याची ही खोड केवळ क्रीडारसिकांची आहे असे मात्र नाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोन संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हृदयविकाराच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करण्याचा एकच निर्णय, तीच माहिती, तोच धोका लोकांपुढे ठेवला. फक्त काहींना रुग्ण वाचला असे सांगितले, आणि काहींना तो दगावला असे सांगितले. वैद्याची विचारशक्ती दोन्ही वेळा एकच असूनही रुग्ण दगावला असे ऐकणाऱ्यांनी त्याचा निर्णय हीन ठरविला. रुग्ण आणि वैद्य यांच्याविषयी जेथे असे घडते, तेथे गावच्या लाडक्या खेळाडूविषयी काय घडत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

नोलन रायन याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. न्यूयॉर्क मेट्स संघाने १० डिसेंबर १९७१ रोजी रायनला अन्य तिघांसह कॅलिफोर्निया एंजल्स संघास दिले आणि जिम फ्रेगोसी हा नामांकित खेळाडू घेतला. १९६२ मध्ये संघ स्थापन झाल्यापासून न्यूयॉर्कला तिसऱ्या तळावर टिकणारा मनुष्य मिळत नव्हता. उलट टॉम सीव्हर, जेरी कूझमन व उदयोन्मुख जॉन मॅटलॅक असे पिचर त्यांच्यापाशी होते. रायनने न्यूयॉर्कसाठी २९ सामने जिंकून ३८ गमावले होते. त्याच्या चेंडूस वेग विलक्षण, पण दिशा बेभरवशाची. शिवाय राखीव सैन्यदलातील नोकरीमुळे त्याच्या सरावात वारंवार खंड पडे, आणि महानगरातील वास्तव्य त्याला स्वतःलाही रुचत नव्हते. कॅलिफोर्नियात टॉम मॉर्गन या प्रशिक्षकाने आणि जेफ टोरबोर्ग या सहकाऱ्याने त्याच्या चेंडूफेकीवर परिश्रम घेतले, त्याला नेमाने चेंडू टाकावयास मिळाला, आणि पहिल्याच हंगामात त्याने ३२९ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे फटका लागू न देता बाद केले. पुढच्या वर्षी ३८३. सत्तावीस हंगामांच्या कारकिर्दीअखेर त्याची स्ट्राइकआउटची संख्या ५,७१४ झाली, आणि प्रतिस्पर्ध्यास एकही यशस्वी फटका मारू न दिलेले सामने सात.

हा सारा डोंगर न्यूयॉर्कच्या नावे खर्ची टाकण्याची रीत आहे, परंतु जमाखर्च असा लिहीत नाहीत. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाच्या फैसल्याने राखीव कलमाचे बळ संपले, आणि १९७९ च्या हंगामानंतर रायन स्वतंत्र होऊन वर्षाकाठी दहा लाख डॉलर्सच्या वेतनावर ह्यूस्टनला गेला; तो न्यूयॉर्कमध्ये असता तर तेथूनही त्याच सुमारास त्याला जाता आले असते. म्हणून वाद घालावयाचाच असेल तर तो कॅलिफोर्नियातील आठ हंगामांचा घालावा. या हंगामांत त्याने १३८ सामने जिंकले आणि १२१ गमावले, आणि पहिल्याच वर्षी १५७ फलंदाजांना चेंडूच्या दिशाहीनतेमुळे फुकट तळ बहाल केला. म्हणजे न्यूयॉर्कला ज्या दोषाची भीती वाटत होती तो दोष खरा होता, आणि तो पुष्कळ काळ टिकून राहिला. आणि न्यूयॉर्कने रायनवाचून १९७३ साली आपल्या लीगचे अजिंक्यपदही मिळविले. याउपरही तो सौदा चांगला होता असे मी म्हणणार नाही. फ्रेगोसीचा भर ओसरला होता, आणि एका उतरत्या खेळाडूसाठी चौघे जण देणे हे त्या दिवशीच्या हिशेबानेही जादा मोल होते. माझे म्हणणे एवढेच, की न्यूयॉर्कची चूक सिद्ध करावयाची तर ती त्या दिवशीच्या भावावरून करावी. ५,७१४ या आकड्याची त्यासाठी गरज नाही, आणि त्या आकड्याने ती सिद्धही होत नाही.

आता ज्या प्रकरणाने मला या विषयाकडे ओढले त्याकडे वळतो. १९८७ च्या हंगामात डेट्रॉइट टायगर्स संघाची सुरुवात इतकी वाईट झाली, की पहिल्या तीस सामन्यांत त्यांनी अकरा जिंकले आणि एकोणीस गमावले. नंतर संघ सावरला, टोरोंटोच्या संघाशी त्याची बरोबरीची झुंज सुरू झाली, आणि एका भरवशाच्या पिचरची निकड भासू लागली. १२ ऑगस्ट रोजी डेट्रॉइटने अटलांटा ब्रेव्ह्ज संघाकडून छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर आणला, आणि त्याच्या बदल्यात कनिष्ठ लीगमध्ये ग्लेन्स फॉल्स येथे खेळणारा वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झ मिशिगन राज्याचाच मुलगा, लहानपणापासून याच संघाचा भक्त. पण त्या हंगामात कनिष्ठ लीगमध्ये त्याने चार सामने जिंकून दहा गमावले होते. पुढे हा तरुण अटलांटाचा आधारस्तंभ झाला, १९९६ साली त्याला सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, त्याने एकूण २१३ सामने जिंकले, आणि २०१५ मध्ये कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरात त्याची प्रतिष्ठापना झाली. डेट्रॉइटच्या नावे हा सौदा आजही महापाप म्हणून सांगितला जातो.

परंतु अलेक्झांडरने काय केले ते ऐका. उरलेल्या सात आठवड्यांत तो अकरा सामन्यांत उतरला, नऊ जिंकला, एकही हरला नाही, आणि नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.५३ होती. सप्टेंबरच्या अखेरीस टोरोंटोत चार सामन्यांची मालिका झाली. तिच्यातील पहिले तीन डेट्रॉइटने गमावले आणि हंगाम हातचा गेल्यात जमा झाला. २७ सप्टेंबर रोजी चौथ्या सामन्यात हा वयस्क पिचर अकराव्या डावापर्यंत चेंडू टाकत राहिला, आणि तेराव्या डावात डेट्रॉइट जिंकले. टोरोंटो संघ हंगामातील शेवटचे सातही सामने हरला. डेट्रॉइटने ९८ विजयांनिशी, केवळ दोन सामन्यांच्या फरकाने, आपल्या विभागाचे विजेतेपद मिळविले. अलेक्झांडर नसता तर हे घडले नसते, हे विधान मी कोणत्याही न्यायासनापुढे शपथेवर करावयास तयार आहे, आणि क्रीडेच्या इतिहासात इतक्या निश्चयाने करता येतील अशी विधाने फार थोडी आहेत. पुढे मिनेसोटाने डेट्रॉइटचा पराभव केला आणि वर्ल्ड सीरीज हुकली. पण त्या पराभवाचे खापर ऑगस्टमधील सौद्यावर फोडता येत नाही. ज्या गरजेसाठी मोल दिले ती गरज पूर्ण झाली.

या प्रकरणात गेलेल्या खेळाडूच्या साक्षीत आणखी एक वैगुण्य स्पष्ट दिसते, ते म्हणजे तिची तारीख. स्मोल्ट्झने १९८८ मध्ये अटलांटासाठी पदार्पण केले तेव्हा दोन सामने जिंकले आणि सात गमावले. त्याच वर्षी अलेक्झांडर डेट्रॉइटसाठी चौदा जिंकत होता. १९९१ च्या हंगामाच्या मध्यावर स्मोल्ट्झचे विजय दोन आणि पराभव अकरा होते. त्याने एका क्रीडामानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले, आणि हंगामाच्या उत्तरार्धात त्याने बारा सामने जिंकून दोनच गमावले. १९९१ च्या जून महिन्यात निकाल दिला असता तर डेट्रॉइट निर्दोष सुटले असते. ऑक्टोबरात दिला असता तर दोषी ठरले असते. आणि १९८७ च्या ऑगस्टमध्ये केलेली कृती दोन्ही वेळा एकच. ज्या पुराव्याचा अर्थ वाचण्याच्या तारखेप्रमाणे फिरतो त्याच्या बळावर शिक्षा सांगताना हात आवरता घेणे हेच न्यायाचे.

शिवाय या साक्षीदाराची निवडही सरळ नाही. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतील प्रत्येक संघाच्या पदरी विशीतले, वेगवान चेंडू टाकणारे, मोठ्या आशेने पाहिले जाणारे असे पाच-दहा तरुण होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज त्यांच्या गावाबाहेर कोणास ठाऊक नाहीत. असे कित्येक तरुण दरसाल अनुभवी खेळाडूंच्या बदल्यात दिले जातात, आणि त्यांचा पुढे मागमूस लागत नाही तेव्हा देणाऱ्या कारभाऱ्याच्या दूरदृष्टीची प्रशंसा करावयास कोणीही पुढे येत नाही. साक्षीस उभा राहतो तो एकटा यशस्वी झालेला. आणि त्याच्यावरून सर्वांची किंमत लावली जाते. डेट्रॉइट संघ १९८७ नंतर थेट २००६ सालीच हंगामोत्तर स्पर्धेत पोहोचला, आणि २००३ साली तर त्याने ११९ सामने गमावले, ही गोष्ट खरी. पण त्या अधोगतीचे कारण एका स्मोल्ट्झच्या नसण्यात शोधणारे लोक एका पिचरकडून संपूर्ण संस्थेचे कार्य अपेक्षितात.

जेफ बॅगवेलचे प्रकरण याच जातीचे असल्याने थोडक्यात सांगतो. बोस्टन रेड सॉक्सने ३० ऑगस्ट १९९० रोजी सदतीस वर्षांचा लॅरी अँडरसन हा पिचर ह्यूस्टनकडून घेतला आणि कनिष्ठ लीगमधील बॅगवेल दिला. अँडरसनने २२ डाव टाकले, ते उत्तम टाकले, बोस्टनने दोन सामन्यांच्या फरकाने विभाग जिंकला, ओकलंडपुढे त्यांचा पाडाव झाला, आणि अँडरसन निघून गेला. बॅगवेलने ४४९ होम रन मारले. येथे मी बोस्टनच्या बाजूने तितक्या आवेशाने बोलणार नाही, कारण २२ डावांचे मोल म्हणून तो फार होता. परंतु त्या वेळी बॅगवेल तिसऱ्या तळावर खेळत असे, तेथे बोस्टनपाशी वेड बॉग्ज होता, पहिल्या तळासाठी मो वॉन तयार होत होता, आणि बॅगवेलने त्या संपूर्ण हंगामात कनिष्ठ लीगमध्येही चारच होम रन मारले होते. ह्यूस्टनने त्याला पहिल्या तळावर हलविले, आणि तेथे तो मोठा झाला. त्याची संपूर्ण कारकीर्द बोस्टनच्या नुकसानीत धरणाऱ्यांनी हेही सांगावे, की बोस्टनमध्ये त्याला कोणती जागा मिळणार होती.

इतके बोलल्यावर, गेलेल्या खेळाडूच्या कर्तबगारीवरून कोणासही कधीच दोषी ठरवू नये असा माझा आशय आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. सिनसिनाटी रेड्स संघाने ९ डिसेंबर १९६५ रोजी फ्रँक रॉबिन्सन हा खेळाडू बाल्टिमोर ओरिओल्स संघास दिला, व मिल्ट पॅपस हा पिचर आणि अन्य दोघे घेतले. रॉबिन्सनचे तिशीचे वय पुष्कळ झिजलेले आहे, अशा अर्थाचे उद्गार मालक बिल डेविट यांनी काढले. डेविट हे ब्रँच रिकी यांच्या तालमीत वाढलेले, आणि खेळाडू एक वर्ष उशिरा देण्यापेक्षा एक वर्ष आधी द्यावा, हे रिकींचे धोरण सर्वश्रुत होते. धोरण वाईट नव्हते. पण त्याच १९६५ च्या हंगामात रॉबिन्सनने .२९६ च्या सरासरीने ३३ होम रन मारले होते, आणि झीज झाल्याचा एकही दाखला समोर नव्हता. पुढच्या वर्षी त्याने सरासरी, होम रन आणि धावा मिळवून देणे या तिन्ही बाबतींत अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक पटकाविला, बाल्टिमोरने वर्ल्ड सीरीज एकही सामना न गमावता जिंकली, आणि सिनसिनाटी सातव्या स्थानावर घसरले. येथे दोषसिद्धी होते, आणि ती का होते हे ध्यानात घ्यावे : देणाऱ्याने आपल्या कृतीचे कारण स्वतः सांगितले होते, ते कारण त्या दिवशीच्या नोंदींशी विसंगत होते, आणि पुढील वर्षाने ती विसंगती उघड केली. गेलेल्या खेळाडूची साक्ष इथे दुजोरा देणारी आहे. मूळ पुरावा सौद्याच्या आधीचा आहे.

आणि एकट्या सौद्याविषयी जे म्हणता येत नाही ते सौद्यांच्या मालिकेविषयी म्हणता येते. बोस्टनचे मालक हॅरी फ्रेझी यांनी २६ डिसेंबर १९१९ च्या करारान्वये बेब रूथला एक लाख डॉलर्सना न्यूयॉर्क यांकीज संघास विकले, आणि त्याच्या जोडीला न्यूयॉर्कच्या मालकाकडून फेनवे पार्क हे मैदान तारण ठेवून तीन लाखांच्या कर्जाची तजवीज केली. रूथने त्याच वर्षी २९ होम रनचा विक्रम केलेला होता. पुढच्या वर्षी त्याने ५४ मारले. परंतु फ्रेझी यांच्या डोक्यावर संघाच्या जुन्या मालकाचे देणे होते, लीगच्या अध्यक्षांशी त्यांचे वैर होते, गिऱ्हाईक मिळण्याची ठिकाणे दोन-तीनच उरली होती, आणि रूथ आपले वेतन दुप्पट करून मागत होता. एकट्या रूथच्या विक्रीसाठी या माणसाची काही कैफियत ऐकून घेता येईल. मात्र त्याच्या आगेमागे कार्ल मेज, वेट हॉइट, जो बुश, सॅम जोन्स, एव्हरेट स्कॉट, जो ड्युगन, हर्ब पेनॉक हे सारे त्याच दिशेने गेले; १९२३ मध्ये यांकीज प्रथमच जगज्जेते झाले तेव्हा त्यांच्या प्रमुख पिचरांत बॉब शॉकी सोडला तर बाकीचे बोस्टनहून आलेले होते, आणि १९२२ पासून १९३० पर्यंतच्या नऊ हंगामांत बोस्टनचा संघ आठ वेळा तळाशी राहिला. एका खेळाडूचा उत्कर्ष दैवाधीन असू शकतो. आठ जणांचा एकाच पत्त्यावर झालेला उत्कर्ष हा विकणाऱ्याच्या कारभाराचाच पुरावा आहे. पुढे लोकांनी रूथच्या शापाची कथा रचली, आणि २००४ पर्यंतच्या बोस्टनच्या अपयशाचे कारण तिच्यात शोधले. त्या कथेने बोस्टनच्या दप्तराचे वाचन पुष्कळ वर्षे मागे टाकले, याचे मला दुःख होते, कारण दप्तरात शापाहून शिकण्याजोगे बरेच काही होते.

उद्या आपण असणार आहोत की नाही, हेच ज्या संघास ठाऊक नसते त्याचा न्याय कसा करावा, हा प्रश्न मॉन्ट्रियल एक्स्पोज संघाने २००२ साली उभा केला. संघ कोणा एका मालकाचा उरला नव्हता. तो सर्व संघांच्या सामाईक ताब्यात होता, आणि तो बंदच करून टाकावा असा ठराव आदल्या वर्षी झालेला होता. २७ जून रोजी संघाचे कारभारी ओमार मिनाया यांनी क्लीव्हलंडकडून बार्टोलो कोलोन हा पिचर आणला, आणि त्यासाठी क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर व ब्रँडन फिलिप्स हे तीन तरुण दिले. तिघेही पुढे नामवंत झाले, आणि लीने २००८ साली साय यंग पुरस्कार मिळविला. कोलोनने मॉन्ट्रियलसाठी दहा सामने जिंकून चार गमावले, संघ मात्र स्पर्धेत पुढे जाऊ शकला नाही. या सौद्याची आज जी नालस्ती होते तिच्यात, ज्या भविष्याच्या नावाने मिनाया यांना दोष द्यावयाचा ते भविष्य त्यांच्या संघास त्या दिवशी नाकारलेले होते, हे कोणी लिहीत नाही.

शेवटी, या साऱ्या निवाड्यांत ज्यांचे म्हणणे कधीच ऐकून घेतले जात नाही त्यांच्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते, आणि ते म्हणजे बदल्यात आलेले खेळाडू. आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून झगडलेल्या कर्ट फ्लड या खेळाडूस सेंट लुईसने ऑक्टोबर १९६९ मध्ये फिलाडेल्फियास दिले, तेव्हा आपण खरेदीविक्रीची वस्तू नाही असे लेखी कळवून त्याने जाण्याचे नाकारले, आणि दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला; १९७२ मध्ये तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, पण पुढील खेळाडूंस मोकळीक मिळाली ती त्याने आरंभिलेल्या लढ्यामुळे. ब्रोलिओसारख्यांना तीही मोकळीक नव्हती. त्याने कोणाची मागणी केली नव्हती, कोणाचा भाव ठरविला नव्हता. दुखऱ्या कोपरानिशी तो सांगितले तेथे गेला, आणि १९६० सालचे त्याचे एकवीस विजय लोकांच्या स्मरणातून पुसले जाऊन दुसऱ्याच्या कीर्तीची तळटीप एवढीच त्याची ओळख उरली. फ्रेगोसी कॅलिफोर्नियात असताना सहा वेळा निवडक खेळाडूंच्या सामन्यास गेला होता. न्यूयॉर्कमध्ये सरावशिबिरातच त्याचा अंगठा मोडला, पहिल्या हंगामात त्याची सरासरी .२३२ झाली, आणि तेवढ्यावरून त्याच्या नावावर कायमचा शिक्का बसला. पुढे तो त्याच कॅलिफोर्निया संघाचा मार्गदर्शक झाला, आणि १९७९ साली त्याच्या हाताखाली त्या संघाने आपले पहिले विभागीय विजेतेपद मिळविले. त्या संघाच्या पिचरांत नोलन रायन होता.